‘इतर’मधले उल्हासबाब

उल्हासबाबांना सरळ आकडा सांगता येत नव्हता असं नाही. आमच्या ऑफिसातले ते सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर, दिवसभर आकड्यांतच बसलेले. पण तोंडाने बोलायची वेळ आली की आकडा त्यांना ओशाळवाणा वाटायचा. मी नोकरीला लागले तेव्हा बांद्याहून बसने येत असे. पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "पेडणे स्टँडवरून इथे यायला बसला किती वेळ लागतो?"

"एक भांडण," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की बसमध्ये नवरा-बायकोचं भांडण लागलं तर इथे उतरेपर्यंत ते मिटतं. "बसमध्ये घोव-बायलेचें झगडें लागलां, तर हय उतरीसर मिटता. मोठां झगडां धरू नको गो बाय. साधां, मासळीवयल्यां."

मालक रायकर यांचं दिवाळीचं भाषण दोन जांभयांचं असे. नव्या मुलाचा बायोडेटा ‘एका जेवणाचा’ असे, म्हणजे वाचता वाचता जेवून व्हायचं आणि लक्षात काही राहायचं नाही. हे सगळं ते अतिशय गंभीरपणे सांगत. उंच, किडकिडीत माणूस, चष्म्याला मागून दोरी, शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी घडीची पट्टी. ती पट्टी वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आमचं ऑफिस तुयेच्या औद्योगिक वसाहतीत होतं. एका अंगाला पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना, दुसऱ्या अंगाला औषधाच्या गोळ्यांचा, आणि मधे आम्ही. त्या दोघांकडून रोज ट्रक भरून बाहेर पडत. आमच्याकडून काही बाहेर पडताना कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे खोकीवाल्यांचा वॉचमन आम्हाला बरीच वर्षं बँकेचे लोक समजत होता. उल्हासबाब आधी डिचोलीला एका खाणवाल्याच्या कंप्युटर विभागात होते. खाणी थांबल्या तेव्हा ते रायकरांकडे आले. राहायला मात्र डिचोलीजवळच्या आमोण्यालाच. रोज तिथून स्कूटरने तुये, आणि संध्याकाळी परत. पेडण्याला खोली का घेत नाही म्हणून सगळ्यांनी विचारून झालं होतं. उत्तर एकच, "आय आसा." लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरला भाऊ बोटीवर, घरात आई, सुलभावहिनी आणि हे.

आमच्या कंपनीचं नाव होईल असं एकच काम झालं, ते म्हणजे मापं बदलून देणारं ॲप. किलोचे पौंड, फुटांचे मीटर, एकराचे चौरस मीटर. असली ॲपं जगात पोत्याने आहेत. रायकरांना कुणीतरी सांगितलं होतं की मोठी कंपनी व्हायची तर एक तरी ‘प्रॉडक्ट’ लागतं, आणि यापेक्षा सोपं काही त्यांना सुचलं नव्हतं. मोजमापांचा तयार कोड आम्ही इंटरनेटवरून फुकटात उचलला. मी तपासनीस असल्याने प्रत्येक माप तपासणं माझ्याकडे आलं, आणि त्या परदेशी यादीच्या तळाशी काय काय निघालं ते मी उल्हासबाबांना दाखवलं. एक वेग होता, पंधरवड्याला किती फरलाँग असा. एक लांबी होती, पुरुषाची दाढी एका सेकंदात वाढते तेवढी. दारूच्या पिंपांची तर सात-आठ मापं होती, आणि त्यांतलं कुठलंही पिंप आता कुणी बनवत नाही.

उल्हासबाबांनी पिंपांची यादी पुन्हा वर-खाली फिरवून पाहिली. मग म्हणाले, "मेल्या इंग्रजाचां पीप चालता आणि आमचो कुडव नाय?"

कुडव म्हणजे भात मोजायचं आमच्याकडचं जुनं माप. वीस कुडवांची खंडी. पूर्वी शेतसुद्धा त्यानेच सांगायचे, अमुक कुडव बियाणं लागतं एवढं शेत. दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये ‘इतर’ नावाचं एक पान तयार झालं आणि त्यात कुडव, खंडी, पायली, वीत, हात अशी मंडळी येऊन बसली. रायकरांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. ‘इतर’ असं लिहिलेल्या ठिकाणी माणूस बोट लावत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

तो खरा निघाला. महिना गेला तरी त्या पानावर कुणी फिरकलं नाही. तेव्हा उल्हासबाबांनी आमिष लावायचं ठरवलं. लोक गमतीसाठी आत येतील आणि आल्यावर कुडवही बघतील, असा त्यांचा हिशेब. त्यातून तीन नवी मापं जन्माला आली. वेळेचं माप ‘आत्तां’, म्हणजे प्लंबर "आत्तां येतां" म्हणतो तिथपासून तो येईपर्यंतचा काळ. जेवणातलं माप ‘वायच’, म्हणजे पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात "वायच घे" म्हणून पडतं तेवढं. आणि अंतराचं ‘हांगाच’, म्हणजे वाट विचारली की माणूस हात लांब करून "हांगाच", इथेच, म्हणतो तेवढं.

गंमत म्हणून केलं, असं वाटेल. पण ती मापं ठरवायला उल्हासबाबांनी जी मेहनत घेतली तेवढी रायकरांनी ऑफिसची जागा बघताना घेतली नव्हती. ‘वायच’साठी ते दोन मुंजींना आणि एका समाराधनेला वजनकाटा घेऊन गेले. ‘हांगाच’साठी एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या स्कूटरवर तेरेखोलला निघालो. हरमलपासून दिसेल त्याला वाट विचारायची, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि स्कूटरचा काटा बघायचा. मला शरम वाटत होती, कारण रस्ता आम्हा दोघांनाही तोंडपाठ होता आणि विचारल्यांपैकी निम्मे लोक उल्हासबाबांना ओळखत होते.

केरीच्या धक्क्यावर पोचलो. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला समोर दिसत होता. उल्हासबाबांनी तरीही बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "भाऊ, तेरेखोल खंय?"

म्हाताऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोळे आसत मगे? तो पळे. हांगाच."

"आणि फेरीबोट?"

"आत्तां सुटता."

उल्हासबाबांचा चेहरा उजळला. दोन्ही मापं एकाच ठिकाणी, एकाच साक्षीदाराकडून. फेरीबोट सुटेपर्यंत आमचं आणलेलं खाणं संपलं, म्हातारा घरी जाऊन जेवून परत आला. येताना उल्हासबाबांनी निष्कर्ष सांगितला, की ‘हांगाच’ सांगणारा माणूस बसलेला असेल तर ते माप दुप्पट धरावं. बसलेल्या माणसाला सगळंच जवळ वाटतं. ही तळटीप त्यांनी खरोखरच ॲपमध्ये घातली.

मग मोबाइलवरच्या ग्रुपांवर त्या पानाचे फोटो फिरायला लागले. पणजीच्या एका नवरीने लग्नपत्रिकेत ‘मुहूर्तानंतर एक आत्तां’ अशी जेवणाची वेळ छापली म्हणे. ॲप इतक्या मोबाइलांवर उतरवलं गेलं की रायकर स्वतःच घाबरले, आणि घाबरलेल्या मालकाने जे करायचं असतं ते त्यांनी केलं. पुण्याहून एक मॅनेजर आणला.

चिन्मय सर तरुण होते, नम्र होते आणि दिवसभर उभे राहून काम करत. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. कुठलं माप किती लोकांनी वापरलं ते त्यावर रंगीत खांबांत दिसे. ‘आत्तां’चा खांब छतापर्यंत. ‘वायच’ त्याच्या खांद्याला. कुडवाचा खांब म्हणजे जमिनीवर पडलेला केस. उल्हासबाबांचं आमिष माशांनी खाल्लं होतं आणि गळाला कुणी लागलं नव्हतं.

"युजरला काय हवंय ते युजर सांगतो," चिन्मय सर म्हणाले. "आपण फक्त ऐकायचं."

ऐकायचं म्हणजे त्यांनी सगळ्या मापांसाठी एक तक्ता काढला. प्रत्येक मापापुढे त्याचा सोर्स लिहायचा, म्हणजे ते कुठून आलं. तोपर्यंत उल्हासबाबांनी ‘इतर’मध्ये आणखी तीन मापं घातली होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. ‘आयचो तांब्यो’, ‘आयचो कोप’ आणि ‘आयची वाटी’.

त्याचं असं झालं होतं. त्यांच्या आईची मूत्रपिंडं दमली होती. डिचोलीच्या डॉक्टरने सांगितलं, दिवसभरात एक लिटरच्या वर पाणी पोटात जाता कामा नये, चहा-पेजेसकट. आता त्या बाई आयुष्यभर आपल्या तांब्यातून पाणी प्यायलेल्या, चहा आपल्या काचेच्या कोपातून म्हणजे पेल्यातून, आणि पेज आपल्या वाटीतून. खुणा केलेला प्लास्टिकचा पेला त्यांनी हातात घेतला आणि त्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. वहिनी बिचारी काय मोजणार? तेव्हा उल्हासबाबांनी तिन्ही भांडी मोजून ॲपमध्ये घातली. वहिनीने नुसतं बोट लावायचं, अर्धा तांब्यो, एक कोप. बेरीज ॲप करणार आणि लिटरच्या जवळ गेलं की तांबडं होणार. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं असतं तरी भागलं असतं हे खरं. पण पंचवीस ओळी कोड लिहून जे होतं ते एका कागदात करायला प्रोग्रॅमरचा हात धजत नाही.

तर त्या तीन मापांपुढे, सोर्सच्या रकान्यात, उल्हासबाबांनी रोमन लिपीत दोनच अक्षरं लिहिली, ‘AI’, म्हणजे आई.

चिन्मय सरांनी ते ‘ए.आय.’ असं वाचलं. आणि ते खूष झाले. पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकासमोर मी त्यांना सांगताना ऐकलं की आमची पारंपरिक मापंसुद्धा कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली आहेत. गिऱ्हाईकही खूष झालं. मी उल्हासबाबांकडे पाहिलं. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

"सांगत कित्याक नाय तुमी?" मी नंतर विचारलं.

"सोर्स बरोबर आसा," ते म्हणाले. "बुद्धी तिचीच."

पण सोर्सने कुडव वाचला नाही. वापर नाही ते काढायचं, असं ठरलं, आणि त्यात आयची तिन्ही मापंही आली. उल्हासबाबांनी बैठकीत हात वर केला. मी त्यांना हात वर करताना प्रथमच पाहत होते.

"सर, गंमत राहू दे. पण जुनी मापं पण राहू देत. जागा खात नाहीत ती."

"किती युजर आहेत सर त्यांना?"

"एक."

"एक," चिन्मय सरांनी आदराने पुन्हा म्हटलं. "सर, एका युजरसाठी आपण प्रॉडक्ट नाही ठेवू शकत."

"कोण आहे तो युजर, विचारा तरी," उल्हासबाब म्हणाले. पण बैठकीची वेळ संपली होती, आणि चिन्मय सर वेळेचे पक्के होते.

काढायचं काम बंगळुरूच्या एका टीमला बाहेर दिलं. आमच्याकडे ते तपासायला आलंच नाही. त्या टीमने हुशारी केली. जी मापं काढली त्यांच्या जागी ॲपने आपोआप जवळचं माप धरावं, म्हणजे वापरणाऱ्याला काही तुटल्यासारखं वाटणार नाही. तांब्याला जवळचं माप त्यांना सापडलं ते ग्लास.

आमोण्याला वहिनीच्या मोबाइलवर नवं ॲप आपोआप उतरलं. दिसायला होतं तसंच, रंग थोडे छान. ती नेहमीसारखी बोट लावत राहिली आणि ॲप तांब्यामागे एक ग्लास धरत राहिलं. तांबडं काही होईना. वहिनीला वाटलं, सासूबाई शहाण्या झाल्या. उन्हाचे दिवस होते, तिने आपण होऊन त्यांना आणखी दिलं. उल्हासबाब रात्री घरी जाऊन मोबाइल बघायचे, तांब्यो जागेवर आणि रंग हिरवा दिसला की अजून काही काढलेलं नाही असं समजून निजायचे. स्वतः लिहिलेल्या बेरजेवर त्यांचा विश्वास होता.

चार-पाच दिवसांत म्हातारीचे पाय सुजले. मग तिला आडवं पडवेना, धाप लागायला लागली. वहिनीने शेजारच्याची गाडी करून तिला डिचोलीला हॉस्पिटलात नेलं आणि तिथून ऑफिसात फोन केला. उल्हासबाबांचा मोबाइल लागत नव्हता म्हणून ॲपवरच्या मदतीच्या नंबरावर. तिथे यंत्र बोललं, आपली अडचण कुठल्या मापाबद्दल आहे ते निवडा. वहिनीने यंत्राला सांगितलं, "माज्या सासूमायची अडचण आसा. उल्हासभावजींक दी." यंत्र म्हणालं, हे माप सापडलं नाही.

शेवटी तिने खोकीवाल्यांच्या वॉचमनला गाठलं, त्याचा नंबर तिच्याकडे कशाला होता देव जाणे. तो पळत आत आला. उल्हासबाब उठले, आणि स्कूटरची किल्ली टेबलावरच विसरून निघाले. मी ती घेऊन मागे धावले. फाटकाशी ते नुसतेच उभे होते. किल्ली हातात घेऊन म्हणाले, "हिरवां दिसत होतां गो बाय. काल राती पण हिरवां." आणि त्यांनी स्कूटर सुरू केली.

म्हातारी वाचली. अंगातलं पाणी काढलं, दोन आठवडे ठेवून घेतलं. त्या दोन आठवड्यांत एका दुपारी उल्हासबाब ऑफिसात आले, आपल्या खुर्चीवर बसले, बंगळुरूच्या टीमने केलेला बदल उलटा केला आणि कुणाला न विचारता नवं ॲप लोकांत सोडून दिलं. कुडव परत, खंडी परत, आयचो तांब्यो परत. ‘आत्तां’, ‘वायच’ आणि ‘हांगाच’ मात्र त्यांनी काढून टाकले. भिंतीवरचे ते उंच खांब आमच्या डोळ्यांदेखत बसले.

संध्याकाळी बैठक झाली. चिन्मय सर खरोखर हादरले होते, ते वाईट माणूस नव्हते. "पण सर, हे वैद्यकीय कामासाठी वापरलं जातंय हे आम्हाला कळणार कसं?"

"सोर्समध्ये लिहिलं होतं."

"तिथे ए.आय. होतं."

"ती माझी आई होती सर," उल्हासबाब म्हणाले.

रायकर छताकडे बघायला लागले. चिन्मय सर प्रथमच खाली बसले. पण कंपनी म्हणजे कंपनी. ‘आत्तां’वर एका शीतपेयवाल्याची जाहिरात ठरली होती, त्याचा फोन येऊन गेला होता. परवानगीशिवाय ॲप बदलणं हा गुन्हाच होता, आणि त्याला नोकरीवरून काढतात. तोडगा असा निघाला, की उल्हासबाबांनी झाल्या प्रकाराबद्दल माफीचा ईमेल लिहावा, सगळ्यांना पाठवावा, आणि विषय संपवावा.

त्यांनी लिहिला. त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना मिळाला. पण तो आमच्या नावे नव्हता. तो सुलभावहिनींच्या नावे होता, आम्हाला फक्त प्रती होत्या. ‘प्रिय ग्राहक,’ अशी सुरुवात होती. ‘आमच्या ॲपमुळे आपल्या सासूबाईंच्या जिवावर बेतलं. आपण एकट्याच ग्राहक असल्याने आपलं म्हणणं विचारात घेता आलं नाही. त्याबद्दल कंपनीतर्फे मी दिलगीर आहे.’ खाली सही. वहिनी ईमेल वाचत नसत. एक प्रत मदतीच्या पत्त्यावरही होती, तिथल्या यंत्राने तेवढं उत्तर धाडलं, की आपली तक्रार मिळाली आहे, कृपया माप निवडा.

रायकर दुसऱ्या दिवशी फळांची करंडी घेऊन हॉस्पिटलात गेले. परत येऊन त्यांनी हुकूम काढला, गंमत आणि जुनी मापं दोन्ही ठेवायची, कुणी कशाला हात लावायचा नाही. म्हणजे उल्हासबाब जिंकले असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त भिंतीवरच्या पडद्यावर आयच्या तांब्याचा खांब आता अजिबातच दिसेना. मी त्यांना विचारलं.

ते हसायला लागले. "वहिनीन ॲप काडून उडयलां. नखांक लायतत ती तांबडी शाई आसा मगे, तिची एक रेघ मारली तांब्यार भितरल्यान. म्हणता, हिच्या वयर गेलां तर दिवचां नाय. झालां." मग थोड्या वेळाने म्हणाले, "इतकीं वर्सां कोड बरयतां, आणि ही एक रेघ सुचूक नाय."

नोकरी त्यांनी काही महिन्यांनी सोडली. भांडून नाही. आईला आठवड्याला डिचोलीला न्यावं लागे, आणि तुये लांब पडत होतं. चिन्मय सरांनी निरोपाच्या वेळी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलताना ‘लीजंड’ हा शब्द वापरला आणि ‘आत्तां’ लिहिलेला एक मग भेट दिला. उल्हासबाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जाताना वॉचमनला देऊन टाकला.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्याकडे गेले. कार्तिकातल्या एका सकाळी, आमोण्याला. रस्त्यालगत घर, पुढे उतरत गेलेली शेतं आणि त्यांच्या टोकाला मांडवीचं पाणी. वहिनी मागच्या दाराला मासे साफ करत होत्या, त्यांनी हातानेच पुढे जा म्हणून खूण केली. सोप्याच्या पायरीवर म्हातारी बसली होती. तिच्या मागे कदेर म्हणजे खुर्ची टाकून उल्हासबाब बसले होते, दातांत अंबाड्याचे दोन आकडे धरलेले, आणि तिचे केस विंचरत होते. केस थोडेच उरले होते, पण गुंता होता. म्हातारी ओरडत होती आणि ते "रे रे रे" असं ढोरांना म्हणतात तसं म्हणत फणी चालवत होते.

"कोण गो तूं?" तिने मला विचारलं.

"ऑफिसातली बाय," उल्हासबाब दातांतल्या दातांत म्हणाले.

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. मुलगा इतकी वर्षं रोज कुठे जात होता हे विचारायचं बहुधा तिच्या मनात राहून गेलं असावं. "थंय ऑफिसात तुमी करतत कितें?"

माझ्याऐवजी उल्हासबाबच म्हणाले, "एका वस्तूची दुसरी करतत."

"आनी मागीर?"

"मागीर परत पयली करतत."

म्हातारीला ते पटलं असावं, कारण तिने मान हलवली, आणि मान हलवल्यामुळे उल्हासबाबांच्या हातातले केस सुटले. त्यांनी पुन्हा गोळा केले, पीळ दिला, लिंबाएवढा अंबाडा घातला, तोंडातले आकडे काढून खोवले, आणि वहिनीने ठेवलेली आबोलीची फुलं त्यावर बसवली. मग हात मांडीवर ठेवून थांबले. म्हातारीने हात मागे नेला आणि चाचपून पाहिलं.

"सैल जालो," ती म्हणाली.

त्यांनी फुलं काढून माझ्या हातात दिली, अंबाडा सोडला, आणि फणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून विंचरायला लागले.